मामांचा तिसरा हात

आमच्या मामांना गॅरेजमध्ये कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. तिथे ते ‘तिसरा हात’ होते. बाकीचे रंगारी गाडीला रंगाचे दोन हात देऊन मोकळे व्हायचे, मामा तिसरा द्यायचे. गिऱ्हाईक दारात ताटकळतंय, मालक घड्याळ दाखवतोय आणि मामा स्प्रेगन घेऊन गाडीच्या अशा एखाद्या कोपऱ्यात वाकलेले, जिथे बघायला कुणाचा बापही जाणार नाही. छत्तीस वर्षं हेच. चेपलेली गाडी त्यांच्या हाताखालून बाहेर पडली की तिला अपघात झाला होता हे तिच्या मालकालाही शपथेवर सांगता आलं नसतं. जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत वाढवायची तर मामांना एकच रीत माहीत होती. खरवडा, खड्ड्यांत लांबी भरा, घासा, रंगवा.

मामी इस्पितळाच्या धुलाईघरात होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले उकळत्या पाण्यातून काढायचे, कडक इस्त्री मारायची आणि काठावर लाल दोऱ्याने नंबर घालायचा, म्हणजे तिसऱ्या मजल्याची चादर चौथ्यावर जायला नको. निवृत्तीला साहेबांनी तिला घड्याळ दिलं, तर घरी आल्या आल्या तिने त्याच्या पट्ट्यावर नंबर घातला, असं मामा सांगतात. मामी म्हणते, साफ खोटं. पण घड्याळ काही दाखवत नाही.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली आणि हातात एकदम पैसा आला. आता इतकी वर्षं पोटाला चिमटा काढलेल्या माणसांनी हा पैसा कुठे ठेवायचा असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. यांनाही माहीत होतं. पण एका रविवारी दोघं जुन्या बाजारात फिरायला गेली आणि येताना एक बाहुली घेऊन आली. नखाएवढा रंग उडालेलं कपाळ, एक डोळा उघडा, एक अर्धा मिटलेला.

“मामी, तुला लहानपणी बाहुली मिळाली नव्हती का गं?” मी विचारलं. मला वाटलं, काहीतरी हळवं ऐकायला मिळेल.

“मिळाली होती की. मला आवडली नव्हती.”

“मग आता?”

“आता आवडते. तुझं काही अडलंय का?”

माझं काहीच अडलं नव्हतं. अडलं ताईचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं. तिचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण आईवडिलांचं बँकेचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. वर्षभरात बाहुल्या तीसवर गेल्या तेव्हा ती येऊन धडकली.

“बाबा, लोक या वयात औषधपाण्यासाठी चार पैसे बाजूला टाकतात.”

“टाकू दे की. आपण कुठे अडवतोय त्यांना?”

“मी मस्करी करत नाहीये.”

“अगं, आमचे होते ते आम्ही खर्च करतोय. तुझे तुझ्याजवळ आहेत ना अजून? तपासून बघ बाई एकदा.”

मामी आतून म्हणाली, “चिडू नकोस गं. चहा घे. कप मात्र जपून ठेव, मागे छत्तीस नंबर बसलीय.”

खरं सांगायचं तर त्या दोघांना इतकं खुशीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दर रविवारी सकाळी बस धरायची. बाजारात मामी भाव पाडणार आणि मामा लांब उभे राहून आपला तिच्याशी संबंध नाही असं दाखवणार, कारण मामांच्या तोंडावरून विकणाऱ्याला कळायचं की हे लोक घेतल्याशिवाय जाणार नाहीत. परतताना खिडकीची जागा बाहुलीला. कंडक्टरने एकदा तिचं तिकीट मागितलं होतं. मामांनी काढलं.

घरी आल्यावर मामांचं काम सुरू. मागच्या खोलीत त्यांनी छोटा कॉम्प्रेसर बसवून घेतला होता. बाहुलीचा जुना रंग खरवडायचा, तड्यांत लांबी भरायची, बारीक पॉलिशपेपरने घासायचं, प्रायमर आणि मग गाडीच्या रंगाचे हात. एक, दोन, तीन. ओठ आणि भुवया तेवढ्या बारीक ब्रशने. केस नव्याने चिकटवायचे. तिकडे मामी कपडे उकळून, खळ घालून, इस्त्री करून काठावर नंबर घालणार. असं करता करता दोनशे चौदा झाल्या. सगळ्यांचे गाल एकाच डब्यातले, त्यामुळे कपाटात दोनशे चौदा सख्ख्या बहिणी फोटोला बसल्यासारख्या दिसायच्या. खोलीत शिरलं की नव्या कोऱ्या गाडीत बसल्यासारखा वास यायचा.

त्या वासानेच घात केला. छत्तीस वर्षं गॅरेजची आणि अकरा वर्षं मागच्या खोलीची. मामा जिना चढताना दर सहा पायऱ्यांवर थांबायला लागले. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि सांगितलं की रंग बंद, जिना बंद. घर तिसऱ्या मजल्यावर. ताईने तिच्या तळमजल्यावरच्या घरातली एक खोली रिकामी केली. स्वतः टेप लावून मापं घेतली, कागदावर आखून आणली. दोन खाटा, एक कपाट, ऑक्सिजनच्या यंत्राची जागा. ती वाईट नव्हती. खोलीच तेवढी होती.

“आणि या?” मामीने विचारलं.

ताईने कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला आणखी एखादी खोली असेल. मग म्हणाली, “आई, एक आण. दोन आण.”

मामीला एक-दोन नको होत्या. तिचं म्हणणं एवढंच होतं की सगळ्या एकत्र राहाव्यात. आपल्याकडे नाही तर नाही, पण कुठेतरी दोनशे चौदा एका जागी, काचेमागे, कोणी तरी बघायला येईल अशा. महिनाअखेरीला घर सोडायचं होतं. म्हणून मी शहरातल्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. त्यांच्याकडे जुन्या खेळण्यांचं एक दालन होतं. तिथल्या बाईंचं उलट पत्र आलं, पाहायला आवडेल, बाहुल्या मूळ स्थितीत आहेत का? मी मामांना वाचून दाखवलं.

“लिही,” मामा म्हणाले, “मूळ स्थितीपेक्षा कितीतरी उत्तम.”

मीही शहाणा, तसंच लिहिलं.

बाई येणार म्हणून आठवडाभर घरात लगीनघाई. मामीने दोनशे चौदा फ्रॉक पुन्हा इस्त्री केले. मामांनी डॉक्टरांचा डोळा चुकवून सात बाहुल्यांच्या नाकांना हात मारला आणि दोन दिवस खोकत बसले. बाई आल्या त्या पांढरे हातमोजे घालूनच. कपाटं बघून त्या दारातच थबकल्या.

“केवढ्या आहेत!”

“दोनशे चौदा,” मामी म्हणाली. “हव्या त्या क्रमाने लावून देईन.”

बाईंनी एक उचलली. भिंग लावलं. उलटी केली, मानेखाली पाहिलं. ती ठेवली, दुसरी उचलली. पाचव्या बाहुलीनंतर त्यांनी भिंग मिटलं.

“ही रंगवली कुणी?”

“मी,” मामा म्हणाले. खोकल्यामुळे बसून होते, तेवढ्यासाठी उठून उभे राहिले. “तीन हात आहेत. वर लॅकर. ऊन लागलं तरी वीस वर्षं हलणार नाही.”

“सगळ्या?”

“एकही सोडली नाही.”

बाई चांगल्या घरच्या होत्या. त्यांनी आधी काम फार सफाईचं आहे असं सांगितलं आणि मग पुढचं सांगितलं. जुन्या बाहुलीची किंमत तिच्या मूळ रंगात असते. तडा गेलेली चालते, डोळा गेलेली चालते. रंगवलेली त्या घेऊ शकत नाहीत.

“तडा चालतो?” मामांनी विचारलं.

“हो.”

“आणि भरलेला तडा चालत नाही?”

“नाही हो.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बाई आपली फिरकी घेतायत का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

“त्या चौथ्या रांगेतली,” बाई निघता निघता म्हणाल्या, “तशी आमच्याकडे एकही नव्हती. वरचा रंग काढता आला असता आणि खाली मूळचा शिल्लक असता, तर गोष्ट वेगळी होती.” जाताना माणूस काहीतरी बरं बोलतो, तसं त्या बोलल्या. मामांनी ते काम दिल्यासारखं ऐकलं.

बाई खाली उतरायच्या आत ते मागच्या खोलीत गेले. “पहिल्या पहिल्या मी खरवडल्या नव्हत्या,” मला म्हणाले. “नुसता वरून हात मारला होता. थिनरचा डबा दे.”

“मामा, डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांनी रंगवू नको म्हणून सांगितलंय. मी काढतोय.”

तोंडाला रुमाल बांधून त्यांनी नंबर एक समोर घेतली, तीच, अर्ध्या मिटल्या डोळ्याची, जो त्यांनी मागेच दुरुस्त केला होता. चिंधी थिनरमध्ये बुडवून गालावर फिरवली. गुलाबी रंग सुटून आला. मामांचे डोळे चमकले. त्यांनी पुन्हा फिरवली, आणि गालही आला. प्लास्टिक होतं, थिनरने मऊ पडलं, चिंधीला चिकटून नाक लांब झालं. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. ती चिनी मातीची होती, ती वितळली नाही. वरचा रंग निघाला, त्याच्याबरोबर खालचाही निघाला, आणि एक पांढराफेक गोटा राहिला. तिसरी घेतली. मामी दारात येऊन उभी होती ते मला तेव्हा दिसलं.

“पहिली मूळची कशी होती गं?” मामांनी मान वर न करता विचारलं. “तुला आठवतंय?”

“एक भुवई वर होती. एक खाली. जरा वैतागल्यासारखी दिसायची.”

“आणि ही?”

“हिचे ओठ फिकट होते. जांभळट. कपाळावर केसासारखी एक रेघ होती.” मामी आत आली. “सत्तावीस नंबरला एका गालावर डाग होता. एक्केचाळीसची पापणी उडाली होती. चौथ्या रांगेतलीला भुवयाच नव्हत्या.”

मामांचा हात थांबला. दोनशे चौदा तोंडं तिला पाठ होती, आणि ती तोंडं आता जगात कुठेच नव्हती.

“तुला त्या तशाच आवडायच्या?”

मामी डब्याचं झाकण शोधत राहिली.

“मग अकरा वर्षांत एकदा तरी बोलायचंस ना!”

“काय बोलायचं? सकाळी शिट्टी वाजवत उठत होतात तुम्ही.” तिने झाकण दाबून बसवलं. “खिडकी उघड रे तू. यांना बाहेर ने.”

पुढचं लवकर आटपलं. ताईने ओळखीच्या एका बालवाडीत दहा बाहुल्या नेऊन दाखवल्या. तिथल्या बाईंनी एक नाकाशी धरली आणि म्हणाल्या, मुलं तोंडात घालतात हो, हा तर गाडीचा रंग आहे. दहाच्या दहा परत आल्या. एका दुकानदाराने फोनवरच विचारलं, जुन्या की नव्या? मी म्हटलं, जुन्याच, पण नव्या केलेल्या. त्याने फोन ठेवला. राहता राहिला भंगारवाला. तो महिन्याच्या शेवटच्या सकाळी आला, टेम्पोत खाटा चढत होत्या तेव्हा.

“कपडे काढून द्या,” तो म्हणाला. “केसही. मला नुसतं प्लास्टिक लागतं. चिनी मातीच्या नकोत, त्या तुमच्या तुम्ही बघा.”

ताई म्हणाली, “आई, तू बस. मी करते.”

“तुला बटणं कुठे आहेत माहीत नाही,” मामी म्हणाली आणि जमिनीवर बसून एकेकीचे कपडे उतरवायला लागली. ताईही शेजारी बसली. तिने पहिल्यांदाच एक बाहुली हातात घेतली असावी. केस निघेनात म्हणून तिने कात्री आणली. भंगारवाला एका उघड्या बाहुलीचं पोट चाकूच्या टोकाने खरवडून माल तपासत होता. दोनदा खरवडलं, मग चाकूकडेच बघितलं.

“रंग कुणी मारलाय हा? निघतच नाही.”

मामा खुर्चीत होते. त्यांनी तोंड उघडलं.

“माहीत नाही,” मामी म्हणाली. “आम्ही घेतल्या तेव्हापासून अशाच आहेत.”

मामांनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने काठी घेऊन उठले आणि कुणाला न सांगता जिन्याकडे गेले. मी हात धरायला धावलो, तर म्हणाले, उतरायला काही दम लागत नाही. लागत होता. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे होते तेव्हा वरून भंगारवाला पहिली गोणी पाठीवर घेऊन उतरला. गोणीतून आत हातपाय एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. जिना अरुंद. मामा भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे राहिले, त्याला वाट द्यायला.

“सावकाश!” वरून मामी ओरडली.

दोघेही थांबले.