वर्षांपुढचं टिंब

बाईंना ज्या चुकीपायी कामावरून काढलं, ती चूक त्यांची नव्हती. हे मला त्याच दिवशी माहीत होतं आणि मी गप्प बसले होते. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की कानशिलं तापतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्यात नौपाड्यात, लग्नपत्रिकांच्या दुकानावर, दोन खोल्यांत आमचं भाषांतराचं ऑफिस होतं. मी डोंबिवलीहून यायचे, बाई कल्याणहून. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. साठीला टेकलेल्या, पण टायपिंग शिकून कॉम्प्युटरवर बसलेल्या. मालकांना आम्ही सर म्हणायचो. काम मुख्यतः औषधांच्या माहितीपत्रकांचं, इंग्रजीतून मराठीत.

एक दिवस सरांनी परदेशी सॉफ्टवेअर आणलं. ते इंग्रजी मजकुराचे वाक्यावाक्याने तुकडे करायचं आणि एकेक तुकडा पुढ्यात ठेवायचं. आपण खाली मराठी लिहायची. लिहिलेलं ते लक्षात ठेवायचं, आणि तेच इंग्रजी पुन्हा कुठे आलं की जुनी मराठी आपणहून भरायचं. असा भरलेला तुकडा हिरवा दिसायचा.

अडचण एवढीच, की वाक्य कुठे संपतं हे त्याला कळत नव्हतं. टिंब आणि पुढे मोकळी जागा दिसली की ते वाक्य तोडायचं. औषधांच्या कागदांवर तर टिंबांचा नुसता सडा. डॉक्टर, टॅबलेट, वर्षं, तास, सगळे शब्द इंग्रजीत अर्धे लिहून पुढे टिंब दिलेलं. त्या प्रत्येक टिंबाशी वाक्याचे दोन तुकडे व्हायचे.

रक्तवाढीच्या टॉनिकचा कागद बाईंकडे होता. मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ साधा होता : बारा वर्षांवरील मुलींना किंवा गरोदर स्त्रियांना द्यावे. इंग्रजीत 'वर्षां'च्या अर्ध्या शब्दापुढे टिंब असल्यामुळे 'किंवा गरोदर स्त्रियांना' एवढाच तुकडा वेगळा पडला. इंग्रजीत 'द्या' किंवा 'देऊ नका' आधीच येऊन गेलेलं असतं. आपल्याकडे ते येतं शेवटी. क्रियापदाशिवाय तो तुकडा लिहायचा कसा?

बाई उठून सरांकडे गेल्या. "हे अर्धं वाक्य आहे. याला स्वतःचा अर्थ नाही. दोन्ही तुकडे जोडून घेऊ द्या मला."

"जोडायचं नाही, मॅडम. क्लायंटला आपण फाइल देतो, त्यात तुकडे जेवढ्यास तेवढे लागतात."

"मग मी 'द्यावे' लिहिते. पण ते या कागदापुरतंच खरं आहे. हे यंत्राच्या लक्षात राहिलं तर उद्या घात होईल."

"काहीतरी लिहा आणि पुढे चला. यंत्र जर्मनीत बनलंय, त्या लोकांना कळत नसेल का?"

बाई जागेवर आल्या. वहीत लाल शाईने ते वाक्य उतरवून घेतलं. अशी तुटलेली वाक्यं त्या रोज टिपून ठेवायच्या. कोणत्या शब्दापुढचं टिंब वाक्य संपवत नाही, याचीही यादी होती, दोन पानं भरलेली. ती यादी त्यांनी सरांच्या टेबलावर दोनदा ठेवली. दोन्ही वेळा तिच्यावर चहाचा कप उमटून ती परत आली. सर आमच्यासमोर म्हणायचे, "मास्तरीण आहेत, व्याकरण तपासल्याशिवाय झोप येत नाही." आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे.

दोनेक महिन्यांनी सांधेदुखीच्या गोळ्यांचा कागद माझ्याकडे आला. त्यात वाक्य होतं : बारा वर्षांखालील मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना देऊ नये. सॉफ्टवेअरने ते तोडलं, अर्थातच टिंबाशी. पहिल्या तुकड्याखाली मी लिहिलं, 'बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये.' दुसरा तुकडा हिरवा झाला आणि आपोआप भरला. 'किंवा गरोदर स्त्रियांना द्यावे.'

हिरवे तुकडे उघडायचे नाहीत, वेळ जातो, असा सरांचा हुकूम होता. मी उघडला नाही. वाचलाही नाही. डोळ्यांपुढून गेला तो.

कागद छापायला जाण्याआधी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी वाचला, म्हणून निभावलं. त्यांचं पत्र आलं तेव्हा सरांचा चेहरा पांढरा पडला. ज्या बायकांना ती गोळी चुकूनही द्यायची नाही, त्यांना ती द्या असं आम्ही लिहिलं होतं. सरांनी सॉफ्टवेअर उघडलं. प्रत्येक तुकड्याशी तो मूळ कोणी लिहिला त्याची आद्याक्षरं असायची. तिथे बाईंची होती.

"हे तुमचंच ना?"

बाईंनी चष्मा सावरून पाहिलं. "हो, माझंच. टॉनिकच्या कागदातलं. तेव्हाच मी तुम्हाला म्हटलं होतं."

"म्हणजे चूक तुमची. आता वाद नको. वय झालं की होतं असं. उद्यापासून येऊ नका."

त्या खोलीत चार माणसं होती. गोळ्यांचा कागद माझ्या हातून गेला हे सरांनाही माहीत होतं. पण मी तरुण, भराभर टाइप करणारी, उलट न बोलणारी. मी त्यांना हवी होते. मी मान खाली घालून की-बोर्डकडे बघत राहिले. बाईंनी डबा पिशवीत टाकला, वही टेबलावरच ठेवली आणि जिना उतरून गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या शनिवारी सर बाहेरगावी होते. मी वही उघडली आणि रागारागाने सॉफ्टवेअरचा एकेक मेनू उपसायला घेतला. अर्ध्या तासात सापडलं. वाक्य तोडण्याचे नियम तिथेच होते, बदलता येण्याजोगे! टिंबापुढे इंग्रजी स्मॉल अक्षर आलं तर तोडू नये, यासाठी एक खूण करायची होती. ज्या शब्दांपुढचं टिंब वाक्य संपवत नाही त्यांची यादी भरायला रकाना होता, रिकामा. मी बाईंची दोन पानं त्यात उतरवली. सांधेदुखीचा कागद पुन्हा घातला. ते वाक्य सबंध आलं, एका तुकड्यात.

मला रडू आलं नाही, संताप आला. एवढंच होतं? एका सकाळचं काम! त्यासाठी त्या माणसाने एका जाणत्या बाईचं तोंड महिनोन्‌महिने बंद केलं, तिला म्हातारी ठरवलं. आणि मी? मलाही तो मेनू पहिल्या दिवसापासून दिसत होता. उघडून बघावंसं वाटलं नव्हतं.

रविवारी कल्याणला गेले. पारनाक्याजवळ बाईंचं घर होतं. त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. नियम सापडले हेही, आणि तो कागद माझा होता हेही.

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या शेजारीच बसत होते ना मी."

"बाई, मला माफ करा."

"माझ्या ओटीवर येऊन कसली माफी मागतेस? इथे ऐकायला कोण आहे? तिथे चार माणसांत माझं नाव गेलं. तिथे बोल."

चहा विचारला नाही त्यांनी. मी पण थांबले नाही.

सोमवारी सगळे आल्यावर मी उभी राहिले. "सर, तो कागद माझा होता. हिरवं उघडू नका असं तुम्ही सांगितलेलं. बाईंनी तुम्हाला आधीच सावध केलं होतं. ही त्यांची यादी, आणि हे बघा, यादी भरल्यावर वाक्य तुटत नाही."

सरांनी ते वाक्य स्क्रीनवर वाचलं. मग म्हणाले, "तुला सेटिंगला हात लावायला कोणी सांगितलं?"

"बाईंना परत बोलवा."

"ते विसर. हे मात्र राहू दे असंच."

मी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना माझ्या नावाने पत्र लिहिलं. काय घडलं, कोणामुळे, सगळं, आणि बाईंचा पत्ताही. टपालपेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी मला महिनाअखेरपर्यंतच ठेवलं. त्या पत्राचं उत्तर आलं ते मात्र बाईंच्या घरी. कंपनीला त्यांचे मराठी कागद छापण्याआधी तपासायला माणूस हवं होतं. बाईंनी ते काम पुढे सहा-सात वर्षं केलं, कल्याणच्या घरी बसून, कागदावर, लाल शाईने. मला हे दुसऱ्याकडूनच कळलं. आमचं बोलणं पुन्हा कधी पहिल्यासारखं झालं नाही, आणि तसं व्हावं असा हट्ट धरायचा मला हक्कही नव्हता.

ऑफिसातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात मुलुंडहून दोन पाहुणे आले होते. सर त्यांना स्क्रीनवर बोट ठेवून ती यादी दाखवत होते. "हे बाहेरच्या कुठल्या ऑफिसात बघायला मिळणार नाही तुम्हाला," ते म्हणाले. "मी स्वतः बसून बनवलंय."

मी खुर्ची मागे सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "खोटं आहे ते." पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मग मी त्यांना बाईंचं पूर्ण नाव सांगितलं.