कडूबांनी पास केलेला हत्ती

बजाजनगरात कडूबांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ज्याच्या कामात त्यांनी खोट काढली नाही असा सापडणं त्याहून कठीण. वाळूजच्या एका कारखान्यात ते उमेदीची सगळी वर्षं मालाच्या तपासणीवर होते. कुणी पोरगा "चालतंय की, काका" म्हणाला, की कडूबा तो नग उचलून लाल पेटीत टाकत आणि म्हणत, "चालतंय म्हनलं की समजावं, चालत नाय." निवृत्तीनंतर लाल पेटी कारखान्यातच राहिली, पण खोड घरी आली. भाकर एका अंगानं जाड, दूधवाल्याचं माप कमी, नव्या पंख्याचा आवाज नामंजूर. सरूबाई म्हणायच्या, "मला बघायला आलते तवा कसं काय पास केलं देव जाणे." कडूबा शांतपणे सांगायचे, "तवा ही नोकरी नव्हती."

या घरात सध्या एक नग असा होता, की ज्यात कडूबांना तिळाएवढीही खोट दिसत नव्हती. लेक आशाची तान्ही मुलगी, चिंगी. आशाचं पहिलं बाळ दवाखान्यातून घरी आलंच नव्हतं. ही दुसरीही दिवस भरायच्या आधी आली, काचेच्या पेटीत राहिली, आणि आता आजोळच्या तुपावर चांगली गुटगुटीत झाली होती. हिरड्या शिवशिवत होत्या. हाताला लागेल ते तोंडात जात होतं. रविवारी जावई मायलेकींना न्यायला येणार होते.

आशानं गुलमंडीवरून आणलेली प्लास्टिकची खेळणी कडूबांनी हुंगली आणि माळ्यावर टाकली. "वास येतोय. मी करतो खेळनं," असं त्यांनी जाहीर केलं, आणि घराची शांती संपली.

आधी लाकडाचा घोडा झाला. सुताराकडून तुकडा आणून दोन दिवस घासला, मग कुसळ टोचेल म्हणून स्वतःच नामंजूर केला. रंग द्यायचा तर डब्यावर काय काय लिहिलंय ते वाचून त्यांना घाम फुटला. खुळखुळ्यात चिंचोके भरले, मग तो फुटून चिंचोका घशात गेला तर, या विचारानं तोही बाद. घुंगरू बाद, गुंडी बाद. शेवटी कापडाचा हत्ती ठरला. बाळ तो चावणार, म्हणून कापड आपण आधी चावून बघायचं, असा तपासणीचा नियमही त्यांनी घालून घेतला.

नवं लालभडक कापड तोंडात धरून कडूबा ओट्यावर बसले होते, तेव्हा शेजारच्या दमयंतीबाई समोरून गेल्या. त्या निवृत्त शिक्षिका. कडूबांचे लालेलाल ओठ बघून त्या थांबल्या.

"कडूबा, या वयात पान सुरू केलंत?"

"नाय, बाई, कापड खातोय," कडूबा म्हणाले. दमयंतीबाई झपाझप पुढं निघून गेल्या.

सरूबाईंनी त्यांना आत ओढलं. "आवं, गावभर हसू झालं! कामून जीव टांगून घेता? तुमाला काय मखमलीत वाढवलं व्हतं का? पाच घरच्या चिंध्या मागून त्याच्यात गुंडाळलं तुमच्या मायनं. जगलाच की!"

सरूबाई रागानं बोलल्या, पण कडूबांना माय आठवली. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून देवगाव रंगारीकडच्या त्या माउलीनं ह्यांचं नाव कडूबा ठेवलं, म्हणजे मरणाला हे पोर गोड लागू नये. नवं कापड अंगाला लावलं नाही. पाच घरं फिरून जुनेरं मागून आणली आणि त्यांचं अंगडं शिवलं. आता तेच अंगडं कडूबांना तपासणीच्या नजरेनं दिसू लागलं. शंभरदा धुतलेलं, रंग केव्हाच निघून गेलेला, खळ नाही, मऊसूत. त्यांच्या मायनं भीतीपोटी का होईना, माल अव्वल निवडला होता.

सकाळी कडूबा गल्लीत मागायला निघाले. ज्यांच्या जिन्यांना, दारांना आणि पोरांच्या अक्षराला त्यांनी आजवर नावं ठेवली, त्यांच्याच दारात ते उभे राहिले. "जुनं सुती असलं तर द्या. फाटकं चालेल." लोकांनी चेष्टा केली, पण दिलं. कुठं धोतराचा तुकडा, कुठं लुगड्याचा पदर. दमयंतीबाईंनी एक साडी दिली, तिची फुलं फक्त निऱ्यांच्या आत शिल्लक होती. "खाऊ नका," एवढंच बजावलं.

सगळं उकळलं, उन्हात वाळवलं. सरकी राहू नये म्हणून कापूस बोटांनी चाचपून भरला. डोळे दोऱ्याच्या टाक्यांचेच केले, शिवण दोनदा घातली. शनिवारी संध्याकाळी कडूबांनी हत्ती गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या रुमालावर दाबला. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी कान ओढले, सोंड पिळली, सगळीकडून फिरवून पाहिला. कुठंही खोट नव्हती.

"पास," ते म्हणाले. सरूबाईंनी हे ऐकायला आशालाही हाक मारली.

मग सरूबाईंनी काजळाची डबी आणली. "लई देखना झालाय. तीट लावते."

कडूबांनी त्यांचा हात धरला. "नको. तोंडात जाईल."

"मंग दृष्ट?" सरूबाई हळूच म्हणाल्या.

या असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं कडूबा चारचौघांत नेहमी सांगत. पण दवाखान्यात चिंगीच्या पेटीच्या काचेला कपाळ लावून उभे राहिलेले दिवस त्यांना आठवले, आणि त्यांना भीती वाटली. त्यांनी कात्री घेतली, हत्तीचा एक कान उसवला आणि गालाच्या खाली, चांगला वाकडा, पुन्हा शिवला. टाके मात्र घट्ट घातले.

आशा बघतच राहिली. "बाबा, अहो, कान वाकडा झाला ना!"

"राहू दे," कडूबा म्हणाले. "चालतंय."

आशानं आईकडं पाहिलं. सरूबाई डबीचं झाकण लावत होत्या, ते काही केल्या नीट बसत नव्हतं. आशानं हत्ती चिंगीच्या हातात दिला. चिंगीनं तो उलटासुलटा केला आणि नेमका वाकडा कान तोंडात घातला.