वस्तादांची साक्ष

माझा भाऊ पैलवान होता, म्हणजे घरातल्या म्हशीचं दूध त्याचं आणि शेण माझं. यात्रांच्या हगाम्यांत कुस्त्या मारायच्या, बिदागी आणायची, हाच त्याचा धंदा. मला बघायला आलेली पाहुणेमंडळीसुद्धा माझ्याआधी त्याचे दंड बघायची.

मग एका गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉलीचा नंबर आधी कुणाचा, यावरून त्याने गावातल्याच एका ट्रॅक्टर ड्रायव्हरला बेदम मारलं. त्याच्या बरगड्या मोडल्या, उजवा हात कोपरातून कायमचा गेला. दोघं लहानपणी एकाच तालमीत घुमलेले. खटला नगरच्या कोर्टात उभा राहिला. आमच्या वकिलाचं म्हणणं, ड्रायव्हर ट्रॉलीवरून पडला. भावाला सोडवायची सगळी भिस्त तालमीच्या वस्तादांवर होती. पोरगा गरीब स्वभावाचा आहे, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. आईने ते वाक्य त्यांच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.

वस्ताद नवा फेटा बांधून पिंजऱ्यात उभे राहिले. घोकलेलं नीट बोलले. मग सरकारी वकील उठला आणि गोड आवाजात म्हणाला, “वस्ताद, नुसत्या हातानं माणसाचं कोपर मोडायला ताकद लागते. तुमच्या पैलवानात ती कुठली?”

पठ्ठ्याला कुणी कमी लेखलं की वस्ताद ऐकून घेत नाहीत, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक.

“कोन म्हन्तं ताकद न्हाई?” वस्ताद म्हणाले. “येका हिसक्यात कोपर निखळवतो त्यो. म्याच शिकवलाय.”

आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. भावाला सक्तमजुरी झाली.

कौतुक करून पठ्ठ्याला आत घातला, म्हणून पारावर वस्तादांची थट्टा चालायची. त्यांचं नाव निघालं की आई भांडी आपटायची. मी तर तणतणत तालमीवरच गेले. बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून दारातूनच विचारलं, “त्या वकिलाचा डाव शेंबड्या पोराला कळला असता. तुमाला कसा न्हाई कळला?”

वस्ताद आखाड्याची माती खोऱ्याने खालीवर करत होते.

“कळला की,” ते म्हणाले. “पन मी पिंजऱ्यात चढताना त्या ड्रायव्हरनं मला रामराम घातला, पोरी. दोन्ही हात जोडाया गेला. येकच वर आला.”

भावावर माझा जीव होता. त्याची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.