मोठ्या काकूचा कान आणि आईची डबी

हे लिहिणारच नव्हते मी. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. कारण मोठी काकू हे वाचणार, मग आई वाचणार, आणि मग घरात भांडी कशी आपटली जातात ते मला चांगलं माहितीये. पण काल काकूकडे वरच्या मजल्यावर बसून आले आणि राहवेचना. यातलं बहुतेक सगळं तिनंच सांगितलंय, नाक मुरडत मुरडत.

थंड माल नेणाऱ्या गाड्या दुरुस्त करायचं आमचं घरचं वर्कशॉप, आणि मोठी काकू तिथली सगळ्यात जुनी. या गाड्यांच्या मागे जो मोठा बंद खोका असतो, तो गार ठेवायला एक जनरेटर असतो. इंजिन मंदावलं की त्याचं व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर धापा टाकतो. व्होल्टेज फार चढलं तर मोटरच जळते. ते नेमकं बसवायला एक नॉब असायचा. काकू पत्र्याला कान लावायची, डोळे मिटायची, स्क्रूड्रायव्हरनं नॉब केसभर फिरवायची आणि ओरडायची, "जा!" तिनं जा म्हटल्याशिवाय एकही ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. मालक फोनवर बोंबलत असला तरी.

मग तिच्या धाकट्या जावेनं, म्हणजे माझ्या आईनं, कोर्स केला आणि ऑटोमॅटिक डबी आणली. व्होल्टेज पडलं की डबी ते स्वतःच वर आणते, चढलं की स्वतःच खाली ओढते. कान लावायला नको, काही नको.

काकूच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. त्यातून ड्रायव्हर तिला म्हणणार 'काकू' आणि आईला म्हणणार 'मॅडम'!

"इतकी वर्षं ग्रीसमध्ये हात घालून मी काकूच राहिले," ती म्हणते, "आणि ही चार दिवस शिकून आली तर मॅडम!"

तिला एकच हवं होतं. गाडी आत आली की ड्रायव्हरनं पहिल्यांदा तिला शोधावं. आणि तेच रोज थोडं थोडं कमी होत होतं.

एके दिवशी दुपारी लंबू नावाचा ड्रायव्हर फुलांची गाडी घेऊन आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "मॅडम कुठायत?"

"जेवतायत तुझ्या मॅडम," काकू म्हणाली. "मी काय इथे शोभेला उभी आहे?"

"तसं नाही ओ काकू. डबी बसवलीये ना, त्यांनाच जरा बघू दे म्हटलं."

झालं! काकूच्या अंगाचा तिळपापड. गाडी चालूच होती. तिनं पत्र्याला कान लावला तर आवाज किंचित बसलेला, म्हणजे व्होल्टेज जरा कमी. तिला मनातून आनंद झाला, हे तिनंच कबूल केलं. जुना नॉब अजून जागेवर होता, डबी कधी बिघडलीच तर हातानं चालवता यावं म्हणून आईनंच ठेवलेला. काकूनं तो वर फिरवला. डबीला वाटलं व्होल्टेज चढलं, तिनं खाली ओढलं. आवाज परत बसला. काकूनं आणखी फिरवला. डबीनं आणखी ओढलं.

"डबी पण तिच्यासारखीच," काकू मला म्हणाली. "मी काही केलं की गुपचूप पुसून टाकते!"

शेवटी चिडून तिनं लंबूला सांगितलं, "दे रे, जोरात रेस दे!" त्यानं दिली. व्होल्टेज असं उसळलं की मोटर जळू नये म्हणून डबीनं सगळं बंदच करून टाकलं. कॉम्प्रेसर गप्प. पंखे गप्प. आत फुलं, बाहेर ऊन.

आई उष्ट्या हातानं धावत आली. फिरवलेला नॉब तिला दिसला. तिनं तो मागे घेतला, डबी परत चालू केली, फुलांना काही झालं नाही. आणि लंबूकडे वळून म्हणाली, "माझंच चुकलं. सेटिंग नीट केलं नव्हतं मी."

कुणी दुसरी असती तर सुटकेचा निःश्वास सोडला असता. काकूचा बांध फुटला.

"खोटं कशाला बोलतेस गं? चूक माझी आहे! गाड्या घेतल्यास, माणसं घेतलीस, निदान चूक तरी माझी माझ्याकडे राहू दे!"

लंबू फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण काकू रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून काकू वर्कशॉपला गेलेली नाही. गुडघे दुखतात म्हणे. आई रोज संध्याकाळी वर जाते, दारातच उभी राहते.

"आज कुणी विचारलं का मला?" काकू विचारते.

"आज नाही, ताई."

आई आता तिच्याशी खोटं बोलत नाही. ओरडून तेवढंच तर मागितलं होतं काकूनं. पण ते 'नाही' ऐकून ती भिंतीकडे तोंड करते, आणि आई जिन्यात बसून डोळे पुसते, हे मी पाहिलंय.

म्हणून, ज्यांच्या गाडीला कधी तिनं कान लावलाय, त्या सगळ्यांना सांगतेय. जिना वर्कशॉपच्या मागून आहे. या आठवड्यातच जा. डबी मस्त चालते हे तिला लगेच सांगू नका, आधी जरा बसा. आणि खाली मॅडम भेटल्या तरी आधी विचारा, "काकू कुठायत?" म्हणजे आईलाही एकदा वर जाऊन खरंखरं 'हो' म्हणता येईल.