हार्डडिस्क आवरायला घेतली तेव्हा

शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीच्या नावाखाली बऱ्याचदा लाइटही जाते. अंबरनाथमध्ये गाळा घेऊन मला अकरा वर्षं झाली, हे मला कुणी सांगायला नको. तरीही गुरुवारी दुपारी मी कॉम्प्युटरची हार्डडिस्क आवरायला लावली आणि शुक्रवारी सकाळपर्यंत ती आवरून झाली नव्हती. मूर्खपणा माझाच. पण तो माझ्या एकटीचा नव्हता, असं मला अजून वाटतं.

माझा धंदा ब्लाउजवरच्या भरतकामाचा. गाळ्यात बारा हेडची जुनी मशीन आहे, म्हणजे एका वेळी बारा ब्लाउजवर एकच डिझाइन उमटतं. ते डिझाइन आधी कॉम्प्युटरवर टाका टाका करून बसवावं लागतं, त्याला आम्ही पंचिंग म्हणतो. पंचिंग मी स्वतः करते. ज्याची मशीन होती त्यानं विकताना तीन दिवस शिकवायचं कबूल केलं होतं, एक दिवस आला. बाकीचं मी कापड फाडून फाडून शिकले.

सॉफ्टवेअर जुनं आहे, नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून कॉम्प्युटरही जुनाच. त्यात माझी नऊशेच्या वर डिझाइनं होती आणि त्यांची कॉपी कुठेही नव्हती. मी मुद्दाम ठेवली नव्हती. आमच्या बाजारात डिझाइन एकदा पेन ड्राइव्हवर बाहेर पडलं की आठवड्यात चार दुकानांत लटकतं. माझा कमळाचा गळा मी दुसऱ्याच्या काचेत बघितला आहे. त्या दुकानात जाऊन मी इतका आवाज चढवला की रस्त्यावरची माणसं आत आली, पण त्यानं काय होतं? गळा त्याचा झाला होता. तेव्हापासून नियमच केला. डिझाइन कॉम्प्युटरमधून केबलनं मशीनमध्ये जाईल, दुसरीकडे कुठेही नाही.

गेल्या वर्षभरात कॉम्प्युटर मंदावला. डिझाइन उघडायला लावावं आणि चहा करून यावं. त्यात चामटोलीच्या एका घरची लग्नाची ऑर्डर आली: हळदीला घरच्या सगळ्या बायकांच्या पाठीवर एकच डिझाइन, एकवीस ब्लाउज, रविवारी सकाळी हातात हवेत. भाताच्या लोंब्यांचं डिझाइन होतं. मी ते आठ दिवस खपून बसवलं होतं, आणि कॉम्प्युटर ते उघडता उघडता मध्येच गप्प व्हायचा.

उल्हासनगरला ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता त्या दुकानात गेले. म्हातारा सिंधी माणूस, बोलायला गोड. मला बघूनच म्हणाला, “दीदी, अब नया ले लो, इसको छुट्टी दे दो.” मी म्हटलं, आधी याला पळवायचं काय घेणार ते सांगा. त्यानं आकडा सांगितला. मी अर्धा सांगितला. तो हसला आणि समजावायला लागला, की दुकानात कापडाचे तागे कसे इकडे तिकडे पडतात, एकाच साडीचा पदर एका कपाटात आणि काठ दुसऱ्यात, तसे डिस्कवर फाइलींचे तुकडे होतात. ते उचलून एका जागी लावायचे, बस. मी विचारलं, कसं लावतात? त्यानं त्याच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. चार ठिकाणी क्लिक केलं, पडद्यावर लाल-निळ्या रेघा आल्या.

मी बघून घेतलं. हे तर माझ्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होतं, फुकट. मी उठले.

तो मागून म्हणाला, “पहले कॉपी ले लेना, दीदी. और बीच में हाथ मत लगाना.” आणि काउंटरवरची बाहेरून जोडायची डिस्क पुढे सरकवली. मला वाटलं, डिस्क खपवतोय. सौदा जिंकल्याच्या आनंदात मी बाहेर पडले. त्याचं पहिलं वाक्य मी धंद्याचं म्हणून सोडून दिलं आणि दुसरं तेवढं धरून ठेवलं.

तो म्हणाला होता चार तास लागतील. दुपारी दोनला सुरू केलं, सहापर्यंत एकोणीस टक्के. मी खुर्चीत बसायची, उठायची, मशीनला तेल घालायची, परत यायची. लाल रेघ हलायची नाही. आतून खर्र खर्र आवाज येत राहायचा. वाट बघणं हे माझ्या स्वभावात नाही. भाव करताना समोरचा गप्प बसला की मी त्याला बोलायला लावते, इथे समोर बोलणारं कुणी नव्हतं. सातच्या सुमाराला वॉचमननं सांगितलं, उद्या नऊ ते पाच लाइट बंद. मग तर माझं डोकंच फिरलं. तरी तसंच चालू ठेवून घरी बदलापूरला आले. जेवताना नवरा म्हणाला, बंद करून यायचं ना. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही.

सकाळी सातला गाळा उघडला तेव्हा एकसष्ट टक्के झालं होतं. आठला अडुसष्ट. पडद्यावर खाली ‘स्टॉप’चं बटण होतं, ते मला दिसत होतं. पण मी आमच्या धंद्यातलं पक्कं ओळखून होते. आमच्या जुन्या मशीनवर डिझाइन मध्येच थांबलं की संपलं. सुई जिथे होती तिथे परत येत नाही, केसभर सरकते, पुढची पाकळी मागच्या देठावर बसते आणि ब्लाउज फुकट जातो. इथे तर सगळे तुकडे उचलून हलवायचं काम चालू होतं. मध्येच थांबवलं तर हातातला तुकडा कुठे पडणार? आणि नाही थांबवलं तर नऊ वाजता लाइट जाणार. यूपीएसची बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची.

सव्वाआठला मी भावाला फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा, बारशा-लग्नांतलं बोलणं सोडून.

दहावी झाल्यावर आमच्या घरात एकाच क्लासची फी भरायची ऐपत होती. वडील अंबरनाथला कारखान्यात होते. मी मोठी, मार्क मला जास्त, आणि कॉम्प्युटर क्लासला गेला तो. मला महिला मंडळाच्या शिवणक्लासला घातलं, तो फुकट होता. तो आज ऑफिसात एसीत बसतो. ही गोष्ट जुनी आहे, सोडून दे, असं मला आईनं सांगून झालं, नवऱ्यानं सांगून झालं. मी सोडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी तो गाळ्यावर आला होता, खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला आणि म्हणाला, ताई, याचा बॅकअप घेत जा. कारागिरांसमोर. मी त्याला म्हटलं होतं की तुझ्या क्लासचे शेवटचे हप्ते मी शिवलेल्या परकरांतून गेलेत, तू मला शहाणपण देऊ नकोस. तो उठून गेला होता.

फोनवर मी काय झालंय ते सांगितलं. तो म्हणाला, स्टॉप दाब. मी म्हटलं, दुकानदारानं हात लावू नको सांगितलंय. तो म्हणाला, काही होत नाही, दाब. नक्की सांग, मी म्हटलं, नक्की म्हणजे नक्की. तो म्हणाला, “मी येतो. शुक्रवारी घरूनच काम असतं माझं. तोवर बटणाला हात लावू नकोस आणि कॉम्प्युटरला शिव्याही देऊ नकोस.”

बदलापूर गावातून स्कूटरवर चिखलोलीमार्गे तो वीस मिनिटांत आला. हेल्मेट काढायच्या आधी त्यानं पडदा बघितला. बहात्तर टक्के.

“थांबवायचं, ताई. तो हातातला तुकडा जागेवर ठेवतो, मगच थांबतो. तसंच बनवलंय ते.”

“तुझ्या क्लासात शिकवलं का?”

माझ्या तोंडून गेलंच. वेळ ती नव्हती, मला कळत होतं. पण तेवीस वर्षं जिभेवर असलेला शब्द वेळ बघत नाही. मला वाटलं, आता हा हेल्मेट घालून जाईल.

तो म्हणाला, “हो. तिथंच शिकवलं. तुझ्या जागी मी गेलो, मला माहितीय. आता दाबायचं की नाही ते सांग, नऊला वीस कमी आहेत.”

एवढ्या वर्षांत हे घरात कुणी म्हटलं नव्हतं. मी भांडायला इतकी तयार होते की त्याचं काय करावं ते मला कळलं नाही. मी त्याला बाजूला सारून माऊस हातात घेतला आणि स्टॉप दाबलं. रेघा तशाच राहिल्या. आवाज चालू राहिला. मी मनात दहापर्यंत मोजलं, मग पुन्हा दहापर्यंत. मग आवाज बसला.

त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह होता. तो त्यानं काढला आणि माझ्याकडे बघितलं. लावू का, असं विचारलं नाही, पण थांबला. मी मान हलवली. माझा नियम मोडायला तेवढाच वेळ लागला.

वर्षावार अकरा फोल्डर होते. जुन्यापासून कॉपी सुरू झाली. दुसरा कॉम्प्युटर असता तर पाच मिनिटांत संपलं असतं, असं तो पुटपुटला. हा त्यातला नव्हता. नववा फोल्डर चालू असताना लाइट गेली, नऊला सात मिनिटं बाकी असतानाच. यूपीएस ओरडायला लागला.

“नववा झाला की बंद करायचं,” तो म्हणाला.

“दोन राहिलेत.”

“ताई, बॅटरी मध्येच मेली तर चालू डिस्कला धक्का बसेल.”

“एक घे. दहावा घे फक्त.”

तो घेईना. मी त्याचा हात धरला. मी आयुष्यभर असंच मिळवलं आहे सगळं: समोरचा नाही म्हणाला की अजून थोडं मागायचं. अकराव्या फोल्डरमध्ये लोंब्या होत्या. दहावा त्यानं घेतला असता तर मी अकरावाही मागितला असता, हे त्यालाही माहीत होतं. यूपीएसचा आवाज भराभर यायला लागला. मी हात सोडला. त्यानं कॉम्प्युटर नीट बंद केला आणि पडदा काळा झाल्यावर काही सेकंदांतच यूपीएसही गप्प झाला.

गाळ्यात उकडत होतं. त्यानं पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. मी तो पर्समध्ये टाकला, मग काढला. घरी ठेवला तर घर आणि गाळा दोन्ही माझंच, मी एकदा चुकले की दोन्हीकडचं जाणार. मी तो त्याला परत दिला. म्हटलं, तुझ्याकडे असू दे, पण कुठल्याही कॉम्प्युटरला लावायचा नाही. तो म्हणाला, मग ठेवून काय करू? मी म्हटलं, ठेव. तो गेला, पाणीही न पिता. मी विचारलंच नव्हतं.

पाचपर्यंतचा दिवस कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी दोनदा घरी गेले आणि दोनदा परत आले. चामटोलीहून फोन आला, तो मी उचलला नाही. डिस्क उघडली नाही तर लोंब्या पुन्हा बसवायला आठ दिवस, आणि माझ्याकडे होते दोन. आकृती मनातल्या मनात आठवून बघत होते. चौथ्या लोंबीनंतर मला आठवत नव्हतं.

पाचला लाइट आली. कॉम्प्युटर सुरू झाला. मी सरळ अकरावा फोल्डर उघडला, लोंब्यांवर क्लिक केलं आणि उभी राहिले. वेळ लागला. मग वरून खाली एकेक टाका यायला लागला, सातही लोंब्या, शेवटचं पानसुद्धा. मशीनला केबल लावून पहिले बारा ब्लाउज चढवले, आणि मशीन सुरू झाल्यावर भावाला फोन केला.

“सगळं आहे,” मी म्हटलं.

“स्पीड वाढला का?”

“चहा होत नाही आता. पाणी पिऊन होतं.”

तो हसला. मी म्हटलं, ते दोन फोल्डर कसे घ्यायचे ते सांग, माझ्याकडे नवऱ्याचा पेन ड्राइव्ह आहे. त्यानं सांगितलं तसं मी करत गेले, फोन खांद्यात धरून. कॉपी चालू झाल्यावर मी त्याला विचारलं, तुझ्याकडचा कुठे ठेवलास? म्हणाला, कपाटात, आईच्या कागदांच्या पिशवीत.

“त्यातलं एकही उघडून बघायचं नाही.”

“ताई, उघडायला माझ्याकडे ते सॉफ्टवेअर तरी आहे का?”

“तरीही,” मी म्हटलं.