मामांची डावी बाजू

अख्ख्या पुणे जिल्ह्यात माझ्या सणसरच्या मामांइतका अस्वस्थ माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने कृपा करून माझ्या घरी येऊ नये. मामा बारामतीला माझ्याकडे येतात ते बसायला नव्हे, उठायला. उभ्याने चहा घेतात, कप माझ्या हातात देतात, ‘काटेवाडीला जाऊन आलोच’ म्हणत गाडीला किक मारतात, आणि हा माणूस तासाभराने इंदापुरातून फोन करतो. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ते मांडवाची सैल दोरी ताणायला गेले होते, असं मामी सांगते. मला ते खरं वाटतं.

मामांना अभिमान एकाच गोष्टीचा, उसाच्या सरीचा. पहिल्या सरीची ओळ ते स्वतः चालून आखत. पायाने माती उकरत ते पुढे आणि मागून ट्रॅक्टर. दोरी लावणं म्हणजे त्यांना अपमान वाटे. मागच्या वेळी ऊस लावताना ती पहिली सरी डावीकडे कलत कलत थेट बांधाला भिडली आणि तिच्या मागोमाग सगळं रान वाकडं झालं. मामा प्यायला लागले, अशी गावात आवई उठली. मामांनी मात्र आधी ट्रॅक्टरवाल्याला, मग जमिनीला आणि शेवटी डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाला दोष दिला. डाव्या कानाला फोन ऐकू येत नाही, याचं खापर तर मोबाइलवर कधीच फुटलं होतं. अखेर मीच वैतागून त्यांना गाडीत कोंबलं आणि पुण्याला डॉक्टरांकडे नेलं.

तपासणीच्या मशिनमध्ये न हलता पडून राहायचं होतं, तर मामा मध्येच उठून बसले. कसंबसं निदान झालं. डाव्या कानाच्या, ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर गाठ होती. कॅन्सर नव्हता, पण गाठ वाढत मेंदूकडे सरकत होती. ‘कॅन्सर न्हाय ना? मग ऱ्हाऊ द्या की बिचारीला!’ मामा खिडकीशी उभे राहून म्हणाले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. गाठ काढली तर तो कान कायमचा जाणार, कदाचित तोंडही वाकडं होणार. नाही काढली तर एक दिवस चालणंच बंद होणार. हे ऐकून मामा खुर्चीत बसले.

‘कान घ्या,’ ते म्हणाले, ‘पाय तेवढं ऱ्हाऊ द्या.’

ऑपरेशन दिवसभर चाललं. मामी बाकावर बसून होती आणि मामांच्या वाट्याच्या येरझाऱ्या मी घालत होतो. मी फार घाबरलो होतो. गाठ निघाली, कान गेला, ओठाचा एक कोपरा बरेच दिवस ओघळलेला राहिला. भिंत धरून, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीवर डाफरत मामा पुन्हा चालायला शिकले.

परवा सणसरला गेलो, तर गोठ्यासमोर बाजेवर मामा चक्क बसलेले. डाव्या हाताला मामी लसूण सोलत हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, ‘मामी, अगं उजवीकडं बस. त्या कानानं त्यांना ऐकू येत न्हाय.’

‘म्हायतीय की,’ मामी म्हणाली. ‘म्हणूनच हितं बसलीया. एवढ्या वर्सांचं साचलंय, कुठंतरी बोलावं का नगं? ऐकू आलं असतं तर हे कवाच उठून गेलं असतं.’

मी उजव्या बाजूला टेकलो. मामा समोरच्या उसाकडे बघत होते. थोड्या वेळाने माझ्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, ‘झालं का रं तिचं बोलून?’

‘अजून न्हाय.’

‘मग बसतो,’ मामा म्हणाले.