राजूरला कोळसा

आम्ही धम्मदीक्षा घेतल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी कळंबच्या हायस्कुलात नववीत होते. आमच्या वस्तीतून तिथवर पोचलेली मी पहिलीच मुलगी.

इंग्रजीचे सर वाक्प्रचार पाठ करून घ्यायचे. ते इंग्रजी म्हणत, आम्ही एका सुरात अर्थ म्हणायचो. ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ म्हणजे बर्फासारखं पांढरं. आम्ही बर्फ पाहिला होता तो जत्रेतल्या गोळ्याचा, आणि तो तर लालभडक असायचा. पण विचारायची कुणाची छाती नव्हती.

एकदा तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. त्यांनी वर्गाला विचारलं, “टु कॅरी कोल्स टु न्यूकॅसल. अर्थ?”

सगळे एकदम म्हणाले, “व्यर्थ काम करणे.”

“बरोबर. पण न्यूकॅसलला कोळसा नेणं व्यर्थ का?”

तेवढं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला मात्र मामाचं घर आठवलं. मामा राजूरच्या खाणीत होता. सुट्टीत तिकडे गेले की दोरीवरचे कपडेही काळे झालेले दिसायचे. मी उभी राहिले. शाळेत शुद्ध बोलायची शिस्त होती, पण घाईत घरचंच तोंडी आलं.

“सर, राजूरले कोणी कोळसा नेला त लोक हासतीन. तिथं जमिनीतूनच निंघते. न्यूकॅसलही तसंच गाव असंन.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी डोळे वटारले. साहेबांनी हातानंच सगळ्यांना थांबवलं.

“तसंच गाव आहे ते,” ते म्हणाले. “तुला कुणी सांगितलं?”

“कोणी नाही, सर. इचार केला.”

त्यांनी मला पुढं बोलावलं आणि फळ्यावर तो वाक्प्रचार लिहायला लावला. त्याखाली मी मराठीत लिहिलं, ‘राजूरला कोळसा नेणे’. सरांनी तो फळा दुसऱ्या दिवशीही पुसू दिला नाही.

बाबा कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होते. संध्याकाळी ते अंगावरचा कापूस झटकत घरी आले, तेव्हा मी सगळं सांगितलं.

“इंग्रजीत बोलली का?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा. आपल्याच बोलीत.”

त्यांनी बाहीवर उरलेला कापूस वेचला. मग म्हणाले, “चालते. इंग्रजी समजली म्हणून त बोलीत सांगता आलं.”

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी वस्तीतल्या पाच-सहा पोरी विहाराच्या ओट्यावर माझ्यापुढं आणून बसवल्या. मी त्यांना एकेक वाक्प्रचार आमच्या बोलीत फोडून सांगायचे. बर्फाच्या जागी वेचणीचा कापूस आला. ‘बेड ऑफ रोझेस’, म्हणजे सुखाचं जिणं, यापाशी मात्र आमची गाडी अडली. गुलाबावर कोण निजलं होतं? तेव्हा एक पोरगी म्हणाली, “काटे नाही टोचत का त्यायले?” आम्ही पोट धरून हसलो.

त्यातल्या तिघी पुढं मॅट्रिक झाल्या. एकीनं यवतमाळच्या दवाखान्यात नर्सची नोकरी धरली. पांढऱ्या साडीत ती पहिल्यांदा वस्तीत आली, त्या दिवशी बाबा जिनातून लवकर सुट्टी घेऊन आले होते.